बेचाळीस, तीन कमी-जास्त

छपरावर गेले की मी आधी माणसं बघत नाही,
टेप काढते.
डुलुथमधल्या शाळेचं हे सपाट छप्पर. खाली तीस फूट.
पलीकडे तळं. म्हणायला तळं;
समोरचा काठ दिसत नाही,
आणि नोव्हेंबरात ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

बेचाळीस इंच. तीन कमी, तीन जास्त.
वरची नळी तिथे. मधली निम्म्यावर.
पायाशी साडेतीन इंचांची फळी,
हातोडा घरंगळून खालच्याच्या डोक्यात बसू नये म्हणून.
आणि वरच्या नळीला दोनशे पौंडांनी रेटलं
तरी तिनं हूं की चूं करू नये.

सोमवारी सगळं बरोबर होतं.
वहीत तसं लिहिलंय, माझ्याच अक्षरात.

गुरुवारी टेप लावली: अडतीस.
पुन्हा लावली.
अडतीस.
"कठड्याला कुणी हात लावला?"
ड्यूई ब्योर्कलुंड, बावीस वर्षांचा मुकादम,
म्हणाला, "मार्लिस, शपथ. एक बोल्ट हलवला नाही."
आणि तो खोटं बोलत नव्हता.

कठडा खाली आला नव्हता,
आम्ही वर आलो होतो.
बुधवारी दिवसभर पोरांनी इन्सुलेशन अंथरलं,
चार इंच जाड, पिवळट, पावाच्या स्लाइससारखं,
पार कडेपर्यंत, नखभर फट न ठेवता. देखणं काम.
त्या देखण्या कामावर उभे राहून
सगळे चार इंच उंच झाले होते
आणि कुणालाच कळलं नव्हतं.

नियम लिहिणाऱ्यानं एक सरासरी माणूस धरला असणार.
सव्वीस वर्षांत मला तो कुठल्या साईटवर भेटला नाही.
मी पाच फूट एक; बेचाळिसाची नळी माझ्या बरगड्यांना लागते.
फेंग लोर, नवा पोरगा, त्याच्या बेंबीच्या चार बोटं वर.
आर्विड हौगेन सहा फूट पाच,
त्याला ती जेमतेम कमरपट्ट्याशी.
आणि आज पट्ट्याच्याही खाली,
माणूस जिथे घडीला मोडतो
बरोब्बर तिथे.

आर्विड त्याच वेळी वाकून
खालच्या क्रेनवाल्याशी बोलत होता.
दोन्ही हात हवेत. बोलताना त्याला हात लागतातच.
मी ओरडले नाही. ओरडलं की माणूस दचकतो.
चालत गेले आणि मागून त्याचा पट्टा धरला,
दुकानात पोराची कॉलर धरतात तसा.
तो हसला. त्याला वाटलं, थट्टा.
मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला.

काम बंद.
ड्यूईनं घड्याळ बघितलं, ढग बघितले,
आणि शेवटी माझ्याकडे बघितलं.
"दोन माणसं, तीन तास. चार इंचांसाठी?"
"एका इंचासाठी," मी म्हटलं.
"एकोणचाळीस असते तर मी केव्हाच घरी गेले असते."
यावर तो जे बोलला ते मी वहीत लिहिलं नाही.

खांब सैल केले, वर घेतले, पुन्हा आवळले.
थंडीनं पाना हाताला चिकटत होता.
आर्विडनं स्वतःहून कोपऱ्यातले चार खांब घेतले,
कुणी सांगितलं नव्हतं.
चार वाजता मी दर आठ फुटांवर टेप लावत गेले:
बेचाळीस, बेचाळीस, साडेएक्केचाळीस, चालेल, बेचाळीस.
वहीत अपघाताचा रकाना असतो.
पट्टा धरल्याचा नसतो.

निघताना फेंगनं विचारलं,
"बर्फ पडला तर? मोजायचं कुठून?"
"पाय असतील तिथून."
त्यानं मान वर केली.
तळ्यावरून ती सुरू झालीच होती, बारीक भुकटी,
अजून मोजण्याइतकी नव्हे.
तरी तो कडेपासून आत आत
बुटानं ती सारत राहिला,
आणि मी खाली उतरेपर्यंत
त्यानं निम्मी बाजू काळी केली होती.